सलग दहा दिवस

हरमलकर टीचर गेल्याची बातमी आली तेव्हा अभ्यास मंडळाची बैठक दोन दिवसांवर होती. कार्यसूचीत सर्वांत वर शोकप्रस्ताव घालायचं ठरलं आणि तो लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मंडळाचा चिटणीस मी. मी लिहिलं : 'भूगर्भशास्त्र विभागाच्या माजी प्रमुख श्रीमती सुलोचना हरमलकर यांच्या निधनाबद्दल हे मंडळ दुःख व्यक्त करते. अभ्यासक्रमाच्या जडणघडणीत त्यांचा मोलाचा वाटा होता.' सगळे दोन मिनिटं उभे राहिले, मग बसले, आणि विषय क्रमांक दोन चर्चेला घेतला. मंडळातले बाकी सगळे आता नवे; तो मोलाचा वाटा म्हणजे काय, हे त्या खोलीत अध्यक्ष कामतसर आणि मी सोडून कुणालाच माहीत नव्हतं. कामतसर कागद चाळत राहिले.

आमचं कॉलेज डिचोली तालुक्यातलं, स्वायत्त. कुठला विषय किती तास शिकवायचा, पदवी हातात पडण्यासाठी मुलांनी काय काय पुरं केलेलं असायला हवं, हे आमचं आम्हीच ठरवतो. म्हणजे अभ्यास मंडळ ठरवतं, आणि त्याच्या वरची अ‍ॅकॅडेमिक कौन्सिल त्यावर शिक्का मारते. बहुतेक सदस्य बैठकीचे कागद बैठकीतच पहिल्यांदा उघडतात. चहा येतो, बटाटवडे येतात, 'मंजूर, मंजूर' होतं आणि जेवणाच्या आधी माणसं मोकळी होतात.

टीचर असताना असं होत नसे. त्या पेडण्याच्या पार टोकाला, केरीला राहायच्या. रोज तिथून यायच्या. बुटकी, सावळी बाई. सुती साडी घोट्याच्या वीतभर वर नेसलेली आणि तिच्याखाली कॅनव्हासचे बूट. लग्न केलं नव्हतं. बैठकीला येताना त्यांनी सगळे कागद वाचलेले असायचे आणि समासात पेन्सिलीच्या खुणा असायच्या. कुणी 'मंजूर' म्हटलं, की त्या चष्मा कपाळावर चढवायच्या आणि म्हणायच्या, "एक मिनिट हां." ते एक मिनिट तासाभराचं असायचं. वडे थंड व्हायचे. माणसं माझ्याकडे रागानं बघायची, जणू मीच त्यांना आणलंय.

एकदा पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल सकाळी साडेसातला ठेवायचा प्रस्ताव आला. प्रयोगशाळा कमी, मुलं जास्त, दुसरा इलाज नाही असं सगळ्यांचं मत. टीचरनी चष्मा वर चढवला.

"पालयेसून पयली बस किती वाजता सुटता, कोणाक खबर आसा?"

कुणालाच नव्हती.

"सव्वा साक. म्हापशाक उतरून दुसरी धरूची. हंय पावता आठ वाजून धा मिनटांनी. मगे ह्यां प्रॅक्टिकल कोणासाठी? कॉलेजाच्या मागे रवतत त्यांच्यासाठी?"

कामतसर हसून म्हणाले, "टीचर, सगळ्या बसेस बघून टाइमटेबल करायचं म्हटलं तर कॉलेज चालणार नाही."

"सगळ्या नको. ज्या चेडवाक ह्यो नियम लागतलो, तिचा नाव घ्या आणि तिची एकच बस बघा."

हे त्यांचं नेहमीचं. नियम लिहिताना तो ज्याला लागणार त्याचं नाव घ्या. त्या खरोखर नावं घ्यायच्या. हजेरीचा विषय निघाला की कुठल्या मुलाची आई आजारी आहे ते सांगायच्या, फेरपरीक्षेचा निघाला की कोण सकाळी पदेराबरोबर पाव वाटून मग वर्गात येतो ते. साडेसातचं प्रॅक्टिकल बारगळलं. मला त्या बाईचं फार कौतुक वाटायचं. मी तिथे नवा होतो आणि त्यांच्याच विभागात होतो, म्हणून थोडा अभिमानही.

फक्त एका बाबतीत त्या कुणाचं नाव घेऊ द्यायच्या नाहीत. ते म्हणजे क्षेत्रकार्य. तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी डोंगरात, नदीकाठी, खाणींच्या कडेला राहून दगड आणि थर प्रत्यक्ष बघायचे, मोजायचे, नकाशा काढायचा. पूर्वी हे होतं, पण नावालाच. मुलगे दोन रविवार सहल करून यायचे. मुलींना घरचे पाठवत नसत, म्हणून त्यांना सूट द्यायची आणि मुलग्यांचा अहवाल उतरवून काढायला सांगायचं, ही पद्धत. गुण सगळ्यांना सारखेच.

टीचरना ही सूट इतकी का खुपते ते मला मयेच्या तळ्याकाठी कळलं. मुलांना घेऊन गेलो होतो. दुपारी पावभाजी खाताना त्या आपणहून बोलल्या. असं त्या क्वचितच बोलत.

"आमच्या वेळार वर्गात मी एकटीच चेडू. क्षेत्रकार्याक सगळ्यांका न्हेला. माका सर म्हणाले, तू कशाक त्रास घेतंस, घरी रव. पैकीच्या पैकी मार्क दिले. मी खूश. मगे एका खाणीच्या कंपनीत मुलाखतीक गेलंय. थंयच्या साहेबान माका जनेलाकडे न्हेला. भायर समोर कापलेलो डोंगर. म्हणालो, थर खंयच्या बाजूक कलले आसत, सांग. सुदेश, माका पुस्तकातला सगळा पाठ होता. पण डोंगर मी कधी तसो बघूकच नाय."

"मग?"

"मगे काय? ते हसले नाय रे. हसले असते तर बरा झाला असता. त्यांनी माझ्यासाठी चाय मागवली."

टीचरनी ज्या बैठकीत क्षेत्रकार्य पदवीसाठी सक्तीचं करून घेतलं, तिचं इतिवृत्त अजून माझ्याकडे आहे. दहा दिवस. मसुद्यात नुसतं 'दहा दिवस' होतं. 'सलग' हा शब्द त्यांनी पेन्सिलीनं घातला, म्हणजे कुणी रविवारच्या सहली दाखवू नयेत. शेवटी एक ओळ होती : 'अपवादात्मक परिस्थितीत विभागप्रमुख सूट देऊ शकतील.' ती त्यांनी खोडली.

कामतसर म्हणाले, "राहू द्या ना टीचर. कधी काय प्रसंग येईल सांगता येत नाही."

"सर, ही ओळ रवली तर वर्षभरात सगळी चेडवां अपवाद होतली. माका खबर आसा ना. सूट दिली की उपकार केलो असा वाटता. पण तो उपकार न्हय, ती चोरी."

मी लिहिलं, 'एकमताने मंजूर.'

पुढची काही वर्षं चांगली गेली, हे सांगायला हवं. मुलींचे वडील भांडायला यायचे. टीचर त्यांच्या घरी जाऊन बसायच्या आणि 'हो' म्हणेपर्यंत उठायच्या नाहीत. मुली जायच्या, उन्हानं रापून परत यायच्या, आणि त्यांच्या चालण्यातच काहीतरी बदललेलं असायचं. एकदा मांद्र्याच्या एका मुलीची आजी वारली. वडील मुलीला न्यायला आले. टीचरनी त्यांना सांगितलं, न्या, पण मग तिला पुढच्या वर्षी पुन्हा यावं लागेल. ते शिव्या देत एकटेच परतले. मला तेव्हा ते जरा जास्त वाटलं होतं.

आणि मग सुप्रिया गवस आली.

सुप्रियाचे वडील मूळचे दोडामार्गच्या बाजूचे. खाणीवर टिपर चालवायला डिचोलीत आले, कारापूरला भाड्याच्या दोन खोल्यांत राहिले. खाणी बंद पडल्यावर दुसऱ्याचा टेंपो चालवत होते. सुप्रिया मोठी, तिच्या पाठची एक बहीण शाळेत. पोर अबोल, पण हुशार अशी की टीचर शिकवता शिकवता फक्त तिच्याकडे बघून बोलायच्या. एका सरकारी खात्यात साहाय्यकांच्या जागा निघणार होत्या, पात्रता आमचीच पदवी. टीचरनी ते तिला दुसऱ्या वर्षापासून सांगून ठेवलं होतं.

डिसेंबरात आम्ही आंबोलीच्या बाजूला गेलो. एका शाळेच्या सभागृहात मुक्काम. चौथ्या दिवशी संध्याकाळी सुप्रियाच्या घरून फोन आला. वडील टेंपो उभा करून उतरता उतरता कोसळले होते. अर्धांग गेलं होतं, वाचाही गेली होती. मुलगी फोन हातात धरून नुसती उभी राहिली. टीचर रस्त्यावर गेल्या, सावंतवाडीकडे जाणारी भाजीची गाडी हात दाखवून थांबवली, ड्रायव्हरला त्याचं नावगाव विचारलं आणि तिला पुढे बसवलं.

"जा गो. बापायकडे बघ. बाकीचा मागीर बघूया."

ते 'मागीर बघूया', नंतर बघू, मी माझ्या कानांनी ऐकलं. सुप्रियानंही ऐकलं असणार.

परत आल्यावर हजेरीचं पुस्तक भरायचं होतं. प्रयोगशाळेत आम्ही दोघेच. टीचर सुप्रियाच्या नावासमोर पेन धरून बसल्या होत्या.

मी म्हटलं, "टीचर, दहा लिहा. कोण विचारणार आहे?"

"मांद्र्याच्या त्या चेडवाच्या बापायन माका इचारूक नाय?"

"ते वेगळं होतं."

"काय वेगळा? तेची आवस, त्या चेडवाची आजी, मेली होती रे. आणि मी तेका म्हटलंय, धा म्हणजे धा." त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "मंडळाकडे जाऊया. नियम खरो आसलो तर बदलूक येता. खोटी सही केली की मगे बदलूचा काय?"

आणि त्यांनी चार लिहिले.

त्यांच्या मनात सगळं सरळ होतं. राहिलेले सहा दिवस त्या स्वतः सुप्रियाकडून पुरे करून घेणार होत्या आणि मंडळ ते मान्य करणार होतं. सुप्रिया आठवडाभर इस्पितळ आणि घर करायची, म्हणून सहा रविवार ठरले. टीचर केरीहून कारापूरला यायच्या आणि तिला घेऊन डोंगर चढायच्या. एका रविवारी त्यांनी तिला केरीच्या किनाऱ्यावर नेलं, त्या दिवशी मीही होतो. जांभ्याच्या कड्याखाली सुप्रिया हातात होकायंत्र घेऊन वाकली होती, आकडा सांगायची, आणि टीचर तो वहीत न लिहिता आधी स्वतः बघायच्या आणि म्हणायच्या, "बरोबर. परत सांग." पोर त्या दिवशी हसली. तिला हसताना मी तेवढंच पाहिलं. टीचरनी घरून आणलेली सोलकढी तिघांनी प्यायली.

साठ पानांचा अहवाल झाला. तो परीक्षा विभागाकडे गेला आणि आठवड्यात परत आला. वर चिठ्ठी टाचलेली : 'चार अधिक सहा, एकूण दहा दिवस पूर्ण. तथापि नियमानुसार सलग नाहीत.' सुप्रियाच्या निकालपत्रावर बाकी सगळे विषय प्रथम श्रेणीत आणि तळाला 'क्षेत्रकार्य अपूर्ण, पदवीस अपात्र'.

टीचरनी विषय मंडळापुढे आणला. त्या दिवशी पहिल्यांदा त्या स्वतःच्या मुलाखतीला आल्यासारख्या बसल्या होत्या, खुर्चीच्या कडेला. कामतसर वाईट माणूस नव्हेत. त्यांचा आवाज मऊच होता.

"टीचर, शब्द तुमचाच आहे. मी त्या वेळी म्हटलंही होतं. सुदेश, जुनं इतिवृत्त वाच जरा."

मी उभा राहिलो आणि माझंच अक्षर वाचलं. "श्रीमती हरमलकर यांनी 'सलग' हा शब्द समाविष्ट करण्याचा व अपवादाचे कलम वगळण्याचा आग्रह धरला. एकमताने मंजूर."

"माझी चूक झाली," टीचर म्हणाल्या. एरवी बैठकीत पेडण्याच्या बोलीत बोलणारी बाई त्या दिवशी पुस्तकी मराठीत बोलत होती. "सुदेश, तसंच लिही. हरमलकरांची चूक झाली."

"चूक वगैरे इतिवृत्तात लिहीत नाहीत," कामतसर म्हणाले. "दुरुस्ती म्हणून आणूया. उपसमिती नेमू."

"तिचा अर्ज ह्या महिन्यात भरायचा आहे, सर. जाहिरात निघाली आहे."

"एकीसाठी आज दार उघडलं तर उद्या मागचे दहा जण उभे राहतील."

"राहू देत ना! दहा जण आहेत काय? बोलवा त्यांना. मी त्यांच्याही पाया पडते."

उपसमिती नेमली गेली.

उपसमितीच्या तीन बैठका झाल्या, त्यांतल्या एकीला दोघंच आले. मग मसुदा मंडळाकडे, मंडळाकडून कौन्सिलकडे, कौन्सिलकडून भाषेच्या दुरुस्तीसाठी परत. दीड वर्ष गेलं. दरम्यान अर्जाची मुदत संपली. पुढच्या डिसेंबरात टीचरनी सुप्रियाला शिबिराला बोलावलं, पण तोवर ती औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागली होती आणि सलग दहा दिवस रजा तिला मिळेना. तिची पाळी सुटली की ती वडिलांना कूस बदलून द्यायची, मग आई बाहेर कामाला जायची. टीचरनी कारखान्याच्या मॅनेजरला पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं नाही.

अखेर दुरुस्ती मंजूर झाली. 'अपवादात्मक परिस्थितीत क्षेत्रकार्य टप्प्याटप्प्याने पूर्ण करता येईल.' खाली एक ओळ होती : 'पुढील शैक्षणिक वर्षात प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांपासून लागू.'

टीचरनी चष्मा कपाळावर चढवला नाही. नुसतं विचारलं, "आणि मागल्यांका?"

"मागील प्रकरणं मंडळाच्या कक्षेत येत नाहीत," कामतसर म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांनी टीचरकडे पाहिलं नाही.

पुढच्या वर्षी भूगर्भशास्त्राला दोनच अर्ज आले. खाणीच नाहीत तर तो विषय घेऊन करायचं काय, असं लोकांना वाटणं साहजिक होतं. दोघांसाठी वर्ग चालवता येत नाही, म्हणून विषय गोठवला. त्या दुरुस्तीचा लाभ आजवर एकाही विद्यार्थ्याला झालेला नाही.

दुरुस्तीचा निर्णय झाला त्याच आठवड्यात टीचर म्हणाल्या, "सुदेश, माका कारापूराक न्हे." मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून नेलं.

सुप्रिया घरी होती. खाटेवर वडील, डोळे उघडे, छताकडे लागलेले. तिनं आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा केला, बशीत बिस्किटं मांडली. टीचरनी तिला सगळं सांगितलं, एकही तपशील न गाळता, पाठ म्हणून दाखवावा तसं. ती ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं, अगदी साध्या आवाजात, वर्गात शंका विचारावी तशी,

"टीचर, त्या दिवशी तुमी धा लिवले असते, तर कोणाक कळला असता?"

टीचर म्हणाल्या, "माका."

"होय," सुप्रिया म्हणाली. "तुमकाच."

तिच्या बोलण्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं. तिनं कप उचलले आणि आत गेली. टीचर बसूनच राहिल्या. मी खुणावलं तेव्हा उठल्या, आणि दारात बूट घालताना त्यांना नाडी बांधता येईना. मी खाली बसून बांधली.

त्यानंतर त्या बैठकांना येत, पण समासात खुणा नसत. 'मंजूर' म्हटलं की त्याही हात वर करत. बैठका लवकर संपू लागल्या आणि सगळे म्हणाले, टीचर आता शहाण्या झाल्या. वर्षभरात त्या निवृत्त झाल्या. निरोपाचा समारंभ नको म्हणून त्यांनी लेखी कळवलं होतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्यानंतर सात-आठ महिन्यांनी. सुप्रियाचे वडील वारले. मला चौथ्या दिवशी कळलं, मी समाचाराला कारापूरला गेलो. अंगणात दोन-चार बाया बसल्या होत्या. त्यांच्यापासून जरा अंतर ठेवून, भिंतीला टेकून, जमिनीवर टीचर. केस पूर्ण पांढरे. त्यांच्यापुढे सूप होतं आणि त्या तांदळातले खडे वेचत होत्या.

सुप्रियाची आई मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "पयल्या दिवसापासून येतत. सकाळी येतत, दिसभर काम करतत, सांजेक जातत. माझ्याकडे बोलाक नाय, चेडवाकडे बोलाक नाय. वयान म्हातारी बाय, नको म्हणान कशा सांगू? तूच सांग त्यांका."

मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. "टीचर," म्हटलं. त्यांनी वर पाहिलं, मला ओळखलं, आणि परत सुपात बघू लागल्या. मला तिथून उठा म्हणायचा धीर झाला नाही.

दुपार झाली. शेजाऱ्यांनी पेजेचं भांडं आणून ठेवलं होतं. सुप्रिया आतून आली. ती बारीक झाली होती, कारखान्यातल्या मुलींसारखे केस घट्ट मागे बांधलेले. तिनं बायांना पेज वाढली, मला वाढली. मग ती टीचरच्या समोर आली आणि थांबली. ती आता काहीतरी बोलेल असं मला वाटलं, कदाचित सगळ्या अंगणालाच वाटलं, कारण कुणी जेवेना.

तिनं खाली वाकून टीचरच्या पुढ्यातलं सूप उचललं, बाजूला ठेवलं, आणि त्या जागी पेजेची वाटी ठेवली.

"जेवा," ती म्हणाली.

टीचरनी दोन्ही हातांनी वाटी धरली. हात इतके कापत होते की पेज सांडली, साडीवर, बुटांवर. सुप्रिया त्यांच्याकडे बघत उभी राहिली. मग ती तिथेच, त्यांच्या शेजारी मातीत बसली आणि वाटी खालून धरून राहिली, ती रिकामी होईपर्यंत.